हानाहोल्मेन : माफ झालेल्या कर्जाचे घर

दोन राष्ट्रांमध्ये पैशाची देवघेव झाली की तिचा शेवट सहसा दोन प्रकारांनी होतो. कर्ज फिटते आणि विसरले जाते. किंवा ते बुडते आणि कधीच विसरले जात नाही. फिनलंड आणि स्वीडन या शेजाऱ्यांच्या बाबतीत तिसराच प्रकार घडला. युद्धकाळात फिनलंडने स्वीडनकडून घेतलेल्या कर्जापैकी जे फेडावयाचे राहिले होते, ते स्वीडनने १९६७ साली माफ केले आणि माफ करताना एक अट घातली: या रकमेचा काही भाग दोन्ही देशांमधील सहकार्यासाठी खर्च व्हावा. या अटीतून हेलसिंकीच्या पश्चिम वेशीला लागून, एस्पो नगराच्या हद्दीतील एका लहानशा बेटावर एक वास्तू उभी राहिली. स्वीडिश भाषेत तिचे नाव हानाहोल्मेन, फिनिश भाषेत हानासारी. १९७५ साली फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन आणि स्वीडनचे तेव्हा तिशीही न गाठलेले राजे कार्ल सोळावे गुस्ताव यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

वेइक्को माल्मिओ या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही इमारत किनाऱ्यावरच्या खडकांना आणि झाडांना धरून आहे. तिचा दरारा वाटावा असे तिच्यात काही नाही. आत सभागृहे आहेत, कलादालन आहे, ग्रंथालय आहे, भोजनगृह आहे, मुक्कामासाठी खोल्या आहेत. एखाद्या परिषदेला आलेल्या पाहुण्याला हे बऱ्यापैकी हॉटेल वाटावे, आणि त्यात त्याचे फारसे चुकतही नाही. तथापि हॉटेलांचा इतिहास लिहिण्याची आम्हांला हौस नाही. आमचे कुतूहल वेगळे आहे. ज्या दोघांपैकी एक सहा शतके राज्याचा मध्य होता आणि दुसरा त्याच राज्याचा कोपरा, त्यांनी विलग झाल्यावर एकमेकांशी बोलावे कसे, कोणत्या भाषेत बोलावे, आणि ऋण नेमके कोणाचे कोणावर, हे सगळे प्रश्न या एका घरात येऊन राहिले आहेत.

बाराव्या-तेराव्या शतकापासून १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. येथे 'वसाहत' हा शब्द चटकन सुचतो, पण तो चपखल बसत नाही. फिनलंडच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी स्टॉकहोमच्या प्रतिनिधिसभेत बसत. कायदा तोच होता, धर्मपीठ तेच होते. तुर्कू येथे १६४० साली स्थापन झालेले विद्यापीठ त्याच राज्याचे होते. मात्र हा सारा व्यवहार स्वीडिशमध्ये चाले. बहुसंख्य प्रजा फिनिश बोले, आणि ही भाषा स्वीडिशची दूरचीदेखील नातलग नाही. स्वीडिश इंडो-युरोपीय कुळातली, तर फिनिशचे नाते एस्टोनियन आणि लांबून हंगेरियनशी. मिकाएल आग्रिकोला याने सोळाव्या शतकात फिनिशमध्ये बाराखडीचे पुस्तक आणि नवा करार छापला, पण न्यायालयाची, विद्यापीठाची आणि उच्चभ्रू दिवाणखान्यांची पायरी त्या भाषेला आणखी तीन शतके चढता आली नाही.

१८०८ साली रशियाने फिनलंडवर चाल केली. हेलसिंकीसमोरचा अभेद्य म्हणून ख्यात असलेला स्वेआबोर्गचा सागरी दुर्ग त्याच वर्षीच्या मे महिन्यात शरण गेला. पुढच्या वर्षी स्टॉकहोममध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजा चौथा गुस्ताव आडोल्फ याला पदच्युत केले, आणि सप्टेंबरातील तहाने स्वीडनने आपल्या भूमीचा सुमारे एक तृतीयांश आणि प्रजेचा सुमारे चतुर्थांश भाग गमावला. या धक्क्यातून स्वीडन सावरले ते फिनलंडकडे पाठ फिरवूनच. १८१४ नंतर त्याने युद्ध असे केलेच नाही, आणि पूर्वेकडचा हरवलेला अर्धा संसार हळूहळू शालेय पुस्तकांतील एका प्रकरणापुरता उरला. फिनलंडला मात्र असे विसरणे शक्य नव्हते. ज्या कायद्याने ते जगत होते तो कायदाच स्वीडिश होता. झार पहिला अलेक्झांडर याने पोर्वो येथील सभेत जुने कायदे व धर्म राखण्याचे वचन दिले, आणि १७३४ ची स्वीडिश संहिता रशियन सम्राटाच्या छत्राखाली चालू राहिली. इतिहासाची गंमत अशी, की रशियाच्या राज्यातही फिनलंडचा कारभार आणखी अर्धशतकभर स्वीडिशमध्येच चालला.

फिनिश भाषेची बाजू लढविणारे पहिले धुरीणसुद्धा स्वीडिशमध्येच लिहीत होते. त्यांचा अग्रणी स्नेलमन हा जन्माने चक्क स्टॉकहोमचा. फिनिश भाषेला शासनात व शाळेत स्थान मिळाले पाहिजे, हा त्याचा आग्रह त्याने ज्या वाचकांपुढे मांडला ते स्वीडिश वाचणारे होते. मग दुसरे करणार काय? फिनलंडचे राष्ट्रगीत रूनेबेरीच्या स्वीडिश कवितेतून आले. लोन्रोतने १८३५ साली 'कालेवाला' प्रसिद्ध करून फिनिश भाषेला तिचे महाकाव्य दिले. पण त्या महाकाव्यातून ज्याने संगीत घडविले त्या सिबेलिउसच्या घरची भाषा स्वीडिश होती. १८६३ साली झार दुसरा अलेक्झांडर याने वीस वर्षांच्या मुदतीने फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा देण्याचे फर्मान काढले. १९०६ मध्ये स्नेलमनच्या जन्मशताब्दीच्या दिवशी हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे घेतली. आडनाव बदलले तरी आजीची भाषा बदलत नाही, हे त्या कुटुंबांनाही ठाऊक असावे.

१९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाले आणि १९१९ च्या राज्यघटनेने फिनिश व स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा ठरविल्या. १८८० साली देशात स्वीडिशभाषकांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास होते. आज ते पाचाच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे तीन लाख माणसे. राज्यकर्त्यांची म्हणून जी भाषा नकोशी झाली होती, तीच आता अल्पसंख्याकांची म्हणून जपावी लागते. शिवाय सगळेच स्वीडिशभाषक दिवाणखान्यांत बसणारे कधीच नव्हते. किनाऱ्यावरचे कोळी आणि ओस्ट्रोबोथ्नियाचे शेतकरी यांचीही ती मातृभाषा आहे, हे फिनिश चळवळीतील उत्साही मंडळींना नेहमीच लक्षात राहिले असे नाही.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला दशकारंभ दोन्ही शेजाऱ्यांना कडूच गेला. दोहोंच्या मध्ये पसरलेल्या ओलान्द द्वीपसमूहातील स्वीडिशभाषक रहिवाशांना स्वीडनमध्ये जायचे होते. प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेले आणि १९२१ साली निकाल लागला: बेटे फिनलंडची, पण तेथील भाषा, स्वायत्तता आणि निःशस्त्रीकरण यांची हमी द्यावयाची. स्वीडनला निकाल आवडला नाही. त्याने तो मानला. पुढे हानाहोल्मेनमध्ये जे सौजन्य दिसते त्याचा पाया आमच्या मते कोणत्याही सांस्कृतिक करारापेक्षा या नावडत्या निकालाच्या स्वीकारात अधिक आहे.

मग ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. स्वीडनमध्ये भावनेला उधाण आले. आठ हजारांवर स्वयंसेवक सीमा ओलांडून गेले. शस्त्रे, धान्य, पैसा गेला. परंतु स्वीडनचे सैन्य गेले नाही, आणि ब्रिटिश-फ्रेंच सैन्याला आपल्या भूमीवरून वाट देण्यासही स्वीडिश सरकारने नकार दिला. परराष्ट्रमंत्री सान्द्लर अधिक मदतीच्या बाजूचे होते. डिसेंबरात नवे मंत्रिमंडळ बनले तेव्हा ते त्यात नव्हते. १०५ दिवसांनी फिनलंडने भूमी देऊन शांतता विकत घेतली. १९४१ ते १९४४ या काळात ते जर्मनीच्या बाजूने पुन्हा लढले आणि पुन्हा हरले. चार लाखांहून अधिक कारेलियावासी विस्थापित झाले. सोव्हिएत संघाला तीस कोटी डॉलरची नुकसानभरपाई मालाच्या रूपाने द्यावयाची ठरली, तिचा अखेरचा हप्ता १९५२ मध्ये रवाना झाला. स्वीडनचे कर्ज हे या काळातले आहे. ते मदत म्हणून दिलेले होते यात शंका नाही. पण जो सोबत लढला नाही त्याने दिलेले होते, हेही खरे. घेणाऱ्याच्या मनात कृतज्ञता आणि सल एकत्र नांदत असले पाहिजेत.

याच वर्षांत आणखी एक देवघेव झाली. तिची नोंद कोणत्याही खतावणीत बसत नाही. सुमारे सत्तर हजार फिनिश मुले युद्धापासून दूर ठेवण्यासाठी स्वीडनला पाठविली गेली. गळ्यात नाव-पत्त्याची पाटी अडकवलेली, पाच-सात वर्षांची, काही त्याहूनही लहान, आगगाड्यांतून आणि जहाजांतून ती अनोळखी घरांत पोहोचली. तेथे त्यांना दूध मिळाले, उबदार कपडे मिळाले, पुष्कळांना प्रेमही मिळाले. काही महिन्यांत ती स्वीडिश बोलू लागली आणि फिनिश विसरली. युद्ध संपल्यावर परत आलेल्या कित्येक मुलांना सख्ख्या आईशी बोलता येईना. कित्येक हजार मुले परतलीच नाहीत. क्लाउस हारो या दिग्दर्शकाचा २००५ चा चित्रपट अशाच एका मुलाचा आहे: त्याला दोन आया आहेत, आणि त्यांतील कोणाला तो आई म्हणेल हा साऱ्या कथेचा पेच आहे. स्वीडनमध्ये ही हकीगत दीर्घकाळ औदार्याची म्हणून सांगितली गेली. फिनलंडमध्ये ती फार दिवस सांगितलीच गेली नाही.

असो. १९६७ च्या कर्जमाफीकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. फिनलंड हे कर्जाच्या बाबतीत मानी राष्ट्र. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेले कर्ज इतर देशांनी हात वर केल्यावरही ते नेमाने फेडीत राहिले, आणि अमेरिकेने १९४९ साली कायदा करून त्या हप्त्यांचा पैसा फिनिश विद्यार्थ्यांच्या व अभ्यासकांच्या शिक्षणाकडे वळविला. अशा राष्ट्राला 'सोडून दिले' असे नुसते म्हणणे त्याच्या पाठीवर हात ठेवण्यासारखे झाले असते, आणि वडीलधाऱ्याचा तो हात फिनलंडने सहाशे वर्षे अनुभवला होता. स्वीडनने घातलेल्या अटीमुळे माफीला कामाचे रूप आले. दोन्ही देशांचा सांस्कृतिक निधी १९६० पासून होताच; पुढे हानाहोल्मेन त्याच्याच छत्राखाली आले. ओस्लोच्या टेकडीवर वोक्सेनओसेन नावाचे असेच एक केंद्र १९६० मध्ये उघडले होते, पण त्याची कुळकथा उलटी आहे. युद्धकाळातील व नंतरच्या मदतीबद्दल आभार म्हणून ती नॉर्वेने स्वीडनला दिलेली भेट. तेथे मदत घेणाऱ्याने दान दिले; येथे देणाऱ्याने येणे सोडले. आभाराचे घर बांधणे त्यामानाने सोपे असावे. ज्या घराच्या चौकटीत सावकार आणि ऋणको दोघेही आहेत, तेथे पहिल्या पानावर बसायचे कोणी, हा संकोच काही काळ राहणारच.

आता एका विसंगतीकडे वळतो. आमच्या मते या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. सहकार्याचे हे घर आखले जात होते त्याच वर्षांत दोन देशांमधील खरी वर्दळ अन्यत्र चालली होती. १९५४ पासून नॉर्डिक देशांत कामासाठी परवान्याविना जाता येत होते. फिनलंडच्या खेड्यांतील काम आटले, युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी वयात आली, आणि स्वीडनचे कारखाने माणसे मागत होते. १९६९ आणि १९७० या दोन वर्षांत प्रत्येकी चाळीस हजारांच्या आसपास माणसे स्वीडनला गेली. फिनलंडची लोकसंख्या चक्क घटली. गोथेनबर्गची मोटारनिर्मिती आणि व्हेस्टेरोसचे कारखाने फिनिश हातांनी चालू लागले. महायुद्धानंतरच्या चार दशकांत अशी गेलेली माणसे पाच लाखांच्या घरात जातात. पुष्कळ परतली, पुष्कळ तेथेच राहिली. बहुतेकांची भाषा फिनिश होती, आणि ज्या भाषेत सहकार्याची भाषणे होत होती ती त्यांना पाळीवरच्या मुकादमाकडून शिकावी लागली.

स्वीडनमध्ये फिनिश भाषा ही काही या कामगारांनी नेलेली नवी वस्तू नव्हती. १८०९ ची सीमा उत्तरेत तोर्ने नदीच्या पात्रातून काढली गेली आणि एकच फिनिशभाषक खोरे दोन राज्यांत चिरले गेले. स्वीडनच्या वाट्याला आलेल्या काठावर शाळेत फिनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि त्यानंतरही. तेथील लोक आपल्या बोलीला 'आमची भाषा' अशा अर्थाने मेएनकिएली म्हणतात. फिनिश आणि मेएनकिएली या दोहोंना स्वीडनने राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या भाषा म्हणून मान्यता दिली ती २००० साली. आणि तोर्ने खोऱ्यातील लोकांवर झालेल्या अन्यायाचा अहवाल शासननियुक्त आयोगाने सादर केला तो २०२३ साली. हानाहोल्मेनच्या उद्घाटनाला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. पैशाचे कर्ज माफ करणाऱ्याकडेही एक देणे थकलेले होते, ते असे.

या थकबाकीची दखल साहित्याने आधी घेतली. मिकाएल निएमी याची २००० साली गाजलेली कादंबरी तोर्ने खोऱ्यातील पायाला गावात घडते. नकाशाच्या कडेला राहणाऱ्या, दोन्ही भाषांत आपण कमीच पडतो असे मानत वाढणाऱ्या मुलांची ती गोष्ट विनोदाने सांगितली आहे म्हणून अधिक बोचते. सुसाना आलाकोस्कीने २००६ मध्ये दक्षिण स्वीडनमधील एका फिनिश कामगारकुटुंबाचे, तेथील दारूचे आणि मुलांच्या लाजेचे चित्रण केले. दोघांनाही स्वीडनचा मानाचा ऑगस्ट पुरस्कार मिळाला, आणि दोघांनीही लिहिले स्वीडिशमध्येच. स्नेलमनचा पेच येथे आरशात दिसावा तसा उलटा होऊन येतो: घरच्या फिनिशविषयी बोलायचे, तर ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे लागते. दुसऱ्या काठावर तोवे यान्सोनची कथा आहे. हेलसिंकीत बसून तिने मूमिनांच्या गोष्टी स्वीडिशमध्ये लिहिल्या. पहिले पुस्तक १९४५ चे. फिनिशमध्ये तिचे मूमिन १९५५ साली आले, तोवर इंग्रज मुले ते वाचीत होती. एकाच शहरातील दोन भाषांमधले अंतर लंडनपेक्षा लांबचे असू शकते.

मग हानाहोल्मेनमध्ये बोलतात कोणती भाषा? संस्थेचा पिंड स्वीडिशचा आहे, आणि फिनिशभाषक शाळांतून स्वीडिशची गोडी लावणारे 'स्वेन्स्का नु' हे जाळे ती चालविते. स्वीडनचे लेखक, गायक, नट शाळाशाळांतून जातात. त्याची गरज आहे. १९७० च्या दशकातील शालेय सुधारणेने प्रत्येक फिनिश मुलाला स्वीडिश शिकणे बंधनकारक केले, आणि 'सक्तीची स्वीडिश' हा शब्द तेव्हापासून वादात आहे. २००५ पासून शालान्त परीक्षेत हा विषय ऐच्छिक झाला आणि तो घेणाऱ्यांची संख्या घसरली. आज दोन्हीकडचे तरुण एकमेकांना भेटतात तेव्हा पुष्कळदा इंग्रजी बोलतात. यात रडण्यासारखे काय, असे कोणी विचारील. इंग्रजीत दोघेही पाहुणे, म्हणजे निदान समान, हा युक्तिवाद आम्हांलाही काही अंशी पटतो. पण फिनलंडने दोनशे वर्षांत स्वीडिशशी भांडत, ती टाकीत, पुन्हा उचलीत जे नाते घडविले, तसे स्वीडनने फिनिशशी कधी घडविलेच नाही. फिनलंड शेजाऱ्याची भाषा शिकावी की नाही यावर पन्नास वर्षे वाद घालत आहे. स्वीडनमध्ये असा वाद कधी उद्भवलाच नाही, कारण तेथे बहुसंख्याकांच्या मनात तो प्रश्नच आला नाही. हानाहोल्मेनवर आमचा आक्षेप असेल तर तो एवढाच, की या घराचे दार पूर्वेकडून पश्चिमेला जितके सहज उघडते तितके पश्चिमेकडून पूर्वेला उघडलेले नाही. दोष मात्र दाराचा नाही.

इमारतीचे मोठे नूतनीकरण होऊन २०१७ मध्ये, फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, ती पुन्हा खुली झाली. तीन वर्षांनी करोनाच्या साथीत फिनलंडने सीमा नियंत्रित केली, आणि उत्तरेत तोर्निओ व हापारांदा या जुळ्या गावांच्या मध्ये, जेथे लोक दुकानात जावे तसे रोज परदेशात जात, तेथे कुंपण उभे राहिले. सहकार्याची साठ-सत्तर वर्षांची सवय काही दिवसांत मोडली, याने दोन्हीकडे बरीच माणसे हादरली. हानाहोल्मेनने त्यानंतर जे काम अंगावर घेतले ते पूर्वीच्या कविसंमेलनांहून निराळे आहे: आपत्तीच्या वेळी दोन्ही देशांनी एकत्र कसे वागावे, यासाठी तेथे आता दोहोंकडचे अधिकारी, उद्योजक आणि अभ्यासक एकत्र प्रशिक्षण घेतात. १८ मे २०२२ रोजी दोन्ही देशांनी नाटोच्या सदस्यत्वाचे अर्ज एकाच वेळी दिले. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत गेले आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये. कोण आधी आणि कोण मागून, याची १९३९ ची आठवण असलेल्यांनी दखल घेतली असेलच.

ही आठवण असलेले आता थोडेच उरले आहेत. गळ्यात पाटी अडकवून गेलेली मुले आज ऐंशीच्या आणि नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या संघटना दोन्ही देशांत आहेत, आणि एकाच आगगाडीतून गेलेल्या, पण एक परतलेल्या व एक न परतलेल्या भावंडांना एकमेकांशी बोलताना आजही दुभाषा लागतो.